गप्प बसण्याचं इंग्रजी

माझं पहिलं इंग्रजी स्टिकरांवरचं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, त्यांतल्या एकात मी बरीच वर्षं पॅकिंगला होते. डब्यावर, पातेल्यावर, चहाच्या गाळणीवर स्टिकर लावायचे. ‘वॉश बिफोर यूज’, ‘नॉट फॉर मायक्रोवेव्ह’, ‘कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन’. हाताला काम असलं तरी डोळे रिकामेच असतात, म्हणून वाचत गेले. त्या भाषेत सगळी वाक्यं हुकूम सोडणारी होती आणि जे लिहिलंय तेच म्हणायचं असायचं. इंग्रजी म्हणजे असंच काहीतरी सरळ, रोखठोक असतं, असं मी धरून चालले होते.

चाळिशी ओलांडल्यावर मीरा रोडला इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायला लागले. नवरा टेम्पो चालवतो, तो म्हणाला, “आता या वयात कोणाशी बोलणारेस?” प्रश्न बरोबर होता. भाईंदरजवळच्या खारी गावात आमच्या घराच्या चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात, त्यांत सगळ्या मुलखाची माणसं राहतात आणि सगळ्यांशी आम्ही हिंदीतच बोलतो. इंग्रजीवाचून कोणाचं काही अडत नव्हतं. मी मात्र हट्टाने जात राहिले. क्लासमध्ये ‘हाऊ आर यू’ विचारलं की ‘आय ॲम फाइन’ म्हणायला शिकवायचे. फाइन नसलं तर काय म्हणायचं, ते त्या कोर्समध्ये नव्हतं.

क्लासमधल्याच एका मुलीने नोकरीचं सांगितलं. चॅटचं काम होतं, बोलायचं नाही, लिहायचं, त्यामुळे माझे उच्चार कुणाच्या कानावर पडणार नव्हते. इंग्लंडमध्ये एक दुकान आहे, म्हाताऱ्या माणसांच्या सामानाचं. चालायच्या काठ्या, संडासावर बसवायची उंच सीट, बटण दाबलं की माणसाला हळूच उठवून उभं करणारी खुर्ची. गिऱ्हाइकं वेबसाइटवर लिहून विचारतात, आम्ही मीरा रोडच्या तिसऱ्या मजल्यावरून लिहून उत्तर देतो. त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे वेळही सोयीची होती. सहा महिने कच्ची नोकरी. मग आमच्या चॅटना मिळालेले मार्क बघून पक्की, नाहीतर नमस्कार.

नमस्कार म्हणजे माझ्यासाठी पुन्हा गाळा. सोडताना मी शेठला तोंडावर सांगून आले होते की आता मी काही परत यायची नाही. पॉलिशची काळी धूळ नखांतून जायला दोनेक महिने लागले होते. ती पुन्हा नखांत जायला नको, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. लोकांना वाटायचं, बाई इंग्रजीसाठी धडपडतेय. मी नखांसाठी धडपडत होते.

कामावर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की स्टिकरांवरचं इंग्रजी आणि माणसांचं इंग्रजी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. आम्ही सगळे नवे एका ग्रुपवर शब्द टाकायचो आणि ज्याला अर्थ सापडेल तो खाली लिहायचा. ‘नॅकर्ड’ म्हणजे दमून गेलेला. ‘गटेड’ म्हणजे फार वाईट वाटलेला. ‘चफ्ड’ म्हणजे खूश. एका आजोबांनी ‘थँक यू, लव्ह’ असं लिहिलं तेव्हा माझ्या शेजारची कॉलेजातली पोरगी लाल झाली आणि स्क्रीन झाकून बसली. आमची सुपरवायझर मीरा रोडच्याच नया नगरची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, डोक्यावर कायम नीट पिन केलेला स्कार्फ. ती येऊन वाचून म्हणाली, “अरे, ये इनका ‘बेटा’ है. सबको बोलते हैं. दीदी को भी बोलेंगे.” दीदी म्हणजे मी. खरंच पुढे मलाही बोलले. सुरुवातीला बरं वाटायचं, नंतर सवय झाली.

शिव्या सोप्या होत्या. शिवी कुठल्याही भाषेतली असो, चेहऱ्यावर आपटली की कळतेच. अवघड होतं ते सभ्य लिहिणं. ‘नॉट टू वरी’ असं लिहिणारा माणूस काळजी करू नका म्हणतोय असं मला वाटायचं आणि मी खूश व्हायचे. हळूहळू लक्षात आलं की तो पुन्हा कधीच येत नाही. आपल्याकडे एखादी “बरं बाई, तुझंच खरं” म्हणून उठते ना, तसं. ‘नॉट बॅड’ मात्र उलटं, ती चक्क शाबासकी होती. अर्थ मोबाइलवर मिळायचा. हा शब्द कोणी, कोणाला, कुठल्या वेळी म्हणायचा, ते मिळायचं नाही. आणि ते माहीत नसलं तर अर्थ माहीत असून उपयोग शून्य.

एका शब्दावर मात्र माझा राग होता. ‘टा’. म्हणजे थँक यू. तेही मोठ्या मोठ्या माणसांनी लिहिलेलं. आपण त्यांची खुर्ची तीन वेळा कुरियरवाल्याकडून शोधून द्यायची आणि त्यांनी बदल्यात एक अक्षर टाकायचं. आभार मानायचे तर अख्खे मानावेत. सुपरवायझर म्हणाली, “अपने लोगों को ही ऐसा बोलते हैं, दीदी. घर जैसा.” मी म्हटलं, “घरात तर आपण तेवढंही म्हणत नाही.” हा शब्द आपण कधी वापरायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

घरी सासू दारापुढच्या ओट्यावर खाट टाकून पडलेली असायची. पाय सुजायचे, त्यामुळे शेवटचं वर्ष तिने तिथेच काढलं. मी आले की विचारायची, “दिसभर कोनाशी बोलतेस गो?”

“तिकडच्या म्हाताऱ्यांशी.”

“त्यांना पोरा न्हाय का बोलाला?”

“असतील. मला काय माहीत!”

“मंग तुजाशी कशाला बोलतान?” असं म्हणून ती मान हलवायची. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीसाठी परक्या बाईशी बोलावं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

ही सासू मोठी कडक. मी नव्यानेच लग्न होऊन आले तेव्हा गावात एक मयत झालं होतं. ती मला घेऊन त्या घरी बसायला गेली. मी शिकलेली, जरा शहाणी, त्या घरच्या बाईजवळ जाऊन चार शब्द बोलायला लागले, धीर धरा, त्यांचं आयुष्य तेवढंच होतं वगैरे. सासूने पदराआडून असा चिमटा काढला की मला कळ आली. बाहेर पडल्यावर म्हणाली, “मानूस गेला तं बोलाचा काय? जावाचा, बसाचा, परत यावाचा.” मी विचारलं, “काहीच बोलायचं नाही?” थोडा विचार करून म्हणाली, “जेवलीस का, येवढाच इचाराचा. त्यांची चूल बंद हाय ना.” त्यानंतर मी तिच्याबरोबर कितीतरी घरी जाऊन बसले. एकदा बसायला शिकलं की ते काही अवघड नसतं. भिंतीला टेकायचं, मांडीवर हात ठेवायचे, कोणी रडलं तर रडू द्यायचं. उठताना ‘येते’ म्हणायचं नाही, नुसतं उठायचं.

पाचवा महिना संपत आला होता. माझे मार्क बरे होते, फार नाही, पण पक्कं होण्यापुरते. त्या दुपारी एका बाईचा चॅट आला. उठवणाऱ्या खुर्चीची ऑर्डर होती, दोन दिवसांत पोचणार होती. तिने लिहिलं होतं, खुर्ची रद्द करा. माझ्या म्हाताऱ्याने ‘पॉप्ड हिज क्लॉग्ज’. आता त्याला उठवायला कोणी लागणार नाही. पुढे ‘हा हा’.

मी अर्थ शोधला. क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळव्यांच्या चपला, खडावांसारख्या. सगळ्याचा मिळून अर्थ, मेला. खाली लिहिलं होतं, बोलीभाषा, विनोदाने.

हे ‘विनोदाने’ वाचून मी अडकले. मरणाला हलके शब्द आपल्याकडे काय कमी आहेत? गचकला, खपला, आटपला. पण ते दुसऱ्याच्या माणसाबद्दल, तेही माघारी. स्वतःच्या नवऱ्याबद्दल, परक्या बाईला, आणि वर हा हा. ही बाई हसतेय का? हसत असेल तर मीही हसायचं का? ‘फनी’ असं काही लिहायचं? की ती रडतेय आणि हसणं नुसतं वरचं आहे? कागदावर रडं दिसत नाही. स्क्रीनवर तर नाहीच.

माझ्यापुढे ठरलेली वाक्यं होती, ती मी लिहिली. ऐकून वाईट वाटलं. ऑर्डर रद्द केली आहे. आणखी काही मदत करू का? तिने लिहिलं, ‘नो’. एवढं झाल्यावर चॅट बंद व्हायला हवा होता. तिने बंद केला नाही. स्क्रीनवर ती काहीतरी लिहितेय अशी टिंबं यायची, जायची. परत यायची, परत जायची. लिहून येत मात्र काहीच नव्हतं.

नियम असा की गिऱ्हाईक गप्प राहिलं तर ‘तुम्ही अजून आहात का’ असं दोनदा विचारायचं आणि चॅट बंद करायचा. मी ते वाक्य उघडलंही होतं. पण ज्या बाईचा नवरा नुकताच गेलाय, तिला ‘तुम्ही अजून आहात का’ असं कसं विचारणार? मला ते जमेना. जी बाई कोणी समोर नसताना नुसती दारात थांबून राहते, तिला काय हवंय, ते मला कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. मी लिहिलं, ‘आय ॲम सिटिंग हिअर’.

टिंबं थांबली. मीही थांबले. शेजारच्या दोन चॅटना उत्तरं देत होते, पण हा उघडा ठेवला होता. बराच वेळ गेला. कोपऱ्यातले वेळेचे आकडे पिवळे झाले, मग लाल झाले. मग मी लिहिलं, ‘डिड यू ईट?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘नो, लव्ह’. मग दुसरी ओळ, सूप आहे, शेजारणीने आणून ठेवलंय. मी लिहिलं, गरम करून प्या, मी बसलेय. ती गेली असावी. मी बसले. खरंच भिंतीला टेकून बसल्यासारखी खुर्चीला टेकून बसले. अर्धा-पाऊण तास तरी गेला असेल. मग तिचं वाक्य आलं, ‘हॅड इट. टा.’ आणि चॅट बंद झाला.

त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द मला तोकडा वाटला नाही.

दोन दिवसांनी सुपरवायझरने मला काचेच्या खोलीत बोलावलं. तिच्यापुढे तो चॅट उघडा होता, शेजारी मार्कांची शीट.

“दीदी, ये क्या लिखा है? ‘सिटिंग हिअर’? कहाँ सिटिंग? कस्टमर के घर में?”

मी म्हटलं, “आमच्यात मयत झालं की बसायला जातात, मॅडम.”

“और ये? खाना खाया क्या? पर्सनल सवाल नहीं पूछते ना, ट्रेनिंग में बताया था. और टाइम देखो. पूरे हफ्ते का ॲव्हरेज गया आपका.”

“तिची चूल बंद असणार ना. दुसरं काय विचारायचं मग?”

ती पेनाचं झाकण लावत, काढत राहिली. मग म्हणाली, “हमारे यहाँ भी तीन दिन चूल्हा नहीं जलता, दीदी. मोहल्लेवाले खाना लाते हैं. मुझे मालूम है.” आणि शीट माझ्याकडे वळवून म्हणाली, “पर इसमें उसका कॉलम नहीं है.”

तिने मार्क कापले. तिन्ही ठिकाणी कापले, भाषा, वेळ आणि खासगी प्रश्न. मला राग आला. तिचा आला, कारण तिला समजत असून ती कापत होती. न समजता कापले असते तर मी सोडून दिलं असतं. खाली टपरीवर जाऊन चहा घेतला, तोही गोड लागला नाही. पण माफी मागायची माझी तयारी नव्हती, आजही नाही. तिने सांगितलं, पुढचा महिनाभर आकडे चांगले ठेवा, अजून सावरता येईल. मी ठेवायला लागले. कोणी ‘गटेड’ लिहिलं की ठरलेलं वाक्य टाकायचं आणि पुढचा चॅट उघडायचा. वेग वाढला. मला स्वतःलाच आश्चर्य वाटावं इतका वाढला.

आणि सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सासू गेली. सकाळी चहा घेऊन ओट्यावर गेले तर खाटेवर तशीच पडलेली, डोळे मिटलेले. हाक मारली, हलवलं, मग नवऱ्याला उठवलं.

मी रजा कळवली. कच्च्या नोकरीत रजा कशी मोजतात ते मला माहीत होतं, पण ते त्या वेळी डोक्यात नव्हतं. मला रडू आलं ते तिसऱ्या दिवशी, तिच्या चपला दिसल्यावर. मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या अंगणात मांडल्या होत्या, पुरुष तिथे आणि बायका आत भिंतीला टेकून. सगळ्या तिनेच शिकवलेल्या असाव्यात तशा गप्प. फोनवर ऑफिसच्या ग्रुपचे निरोप येत होते. ‘रिप’. ‘हार्टफेल्ट कंडोलन्सेस’. ‘स्टे स्ट्राँग’. हात जोडलेली चित्रं. सगळ्यांचे अर्थ मला येत होते. एकाही निरोपातून कोणी माझ्याजवळ येऊन बसल्यासारखं वाटलं नाही. त्यांनी तरी काय करायचं, त्यांना जे येत होतं ते त्यांनी लिहिलं.

त्या दुपारी सुपरवायझर आली. रिक्षावाल्याला गावात घर सापडेना, म्हणून नाक्यापासून विचारत विचारत चालत आली असणार, कारण घामाघूम झाली होती. हातात केळ्यांची पिशवी. तिने ती दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि बायकांच्या रांगेत माझ्यापासून दोन माणसं सोडून भिंतीला टेकून बसली. आमच्या बायकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. ती काही बोलली नाही. मीही नाही. ऑफिसचं तर तिने नावही काढलं नाही. सासूला तिने जन्मात पाहिलं नव्हतं, मग ती एवढा वेळ का बसलीय, असं मला एकदा वाटून गेलं. तिच्यामागून आलेल्या दोन बायका उठून गेल्या, तरी ती बसलेलीच. मग ती उठली. ‘निकलती हूँ’ म्हणाली नाही. ते तिला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. नुसती उठली, चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. त्या मेलमधला एकेक शब्द मला कळला, एकाचाही अर्थ शोधावा लागला नाही. चाचणीचा काळ संपला आहे, तुम्हाला कायम करता येत नाही याचा खेद आहे, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. सोबतच्या पत्रावर सुपरवायझरची सही होती आणि सहीखालची तारीख-वेळ आदल्या दिवशीची होती. सकाळची.

मी ती तारीख बराच वेळ बघत बसले. म्हणजे काल ती आली तेव्हा हे तिला माहीत होतं. केळी घेऊन, नाक्यापासून चालत येऊन ती इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती, ती एकट्या सासूसाठी नाही, माझ्या नोकरीसाठीही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे.” मी नखांकडे पाहिलं. स्वच्छ होती. शेठकडे कसं जायचं, काय तोंड दाखवायचं, याचा विचार सुरू झाला आणि मला खूप वाईट वाटलं, सासूचं आणि नोकरीचं, दोन्हीचं मिळून, वेगवेगळं करता येईना. शेजारणीने आमटी-भात झाकून ठेवला होता, तो तसाच पडून होता.

संध्याकाळी फोन वाजला. सुपरवायझरचाच निरोप. सॉरी नाही, शुभेच्छा नाहीत, हात जोडलेलं चित्र नाही. एकच ओळ होती.

‘डिड यू ईट?’

मी उत्तर दिलं नाही. आत गेले, भात गरम केला, आमटी घेतली, ओट्यावर सासूच्या रिकाम्या खाटेशेजारी बसून सगळं संपवलं. ताट घासलं. हात पुसले. मग फोन घेतला आणि लिहिलं, ‘हॅड इट. टा.’